डाबी की जमणी?

गुजराती मला उत्तम येतं, हा माझा समज एका रविवारी सकाळी पावणेअकरापर्यंत टिकून होता.

मी मूळचा कराडचा. बायको बडोद्याची, नोकरी वाघोडियाच्या कारखान्यात, आणि पंधरा वर्षं या शहरात माझं बरं चाललंय. कारखान्यात सगळे हिंदी बोलतात. घरात मराठी. रिक्षावाल्याला मी हाताने रस्ता दाखवतो आणि भाजीवाल्याला बोटाने भाजी. एवढ्या भांडवलावर मला गुजराती येतं असं मी का समजत होतो? तर माझा एक सिद्धान्त होता. मराठी शब्दाच्या शेवटी 'ओ' लावायचा आणि वाक्याच्या शेवटी 'छे'. घोडा, तर घोडो छे. डबा, तर डबो छे. झालं गुजराती! एखादा शब्द अडलाच तर त्याच्या जवळपासचा मराठी शब्द बघायचा आणि अंदाज बांधायचा. (हा सिद्धान्त मी कारखान्यात नवीन आलेल्या दोघा मराठी इंजिनियरांना शिकवलाही आहे. देव त्यांचं भलं करो.)

माझी बायको मृणाल या सिद्धान्ताला 'शिरीषचं गाढवो छे' म्हणते. तिचं काय जातंय! जन्म इथला, शाळा इथली, निम्म्या मैत्रिणी गुजराती. ती स्वप्नंसुद्धा दोन भाषांत बघते.

चार वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि आम्ही फतेगंजला सासऱ्यांच्या बंगल्यात राहायला आलो. सासरे, म्हणजे तात्या, या वयात एकटे कसे राहणार? निर्णय योग्यच होता, पण त्यामुळे माझी जावयाच्या पदावरून घरजावयाच्या पदावर रवानगी झाली. तात्या जुन्या बडोद्याचे. आजोबा संस्थानच्या कचेरीत, वडील कचेरीत आणि हे स्वतः कचेरीतूनच हेडक्लार्क म्हणून निवृत्त. घरातलं कुठलंही काम ज्याला झेपेल त्यालाच द्यायचं, हा त्यांचा बाणा. आणि मला काय झेपतं याबद्दल त्यांनी लग्नातच मत बनवलं असावं. बँक मृणाल बघायची, माळी मृणाल बघायची, गॅसवाल्याशी भांडायचं ते मृणालने. माझ्याकडे पाण्याची मोटर बंद करायचं काम होतं. तेही गच्चीवरची टाकी दोनदा वाहिल्यावर काढून घेण्यात आलं. तात्या रागावले वगैरे नाहीत. "राहू द्या जावईबापू, मृणाल करेल," एवढंच म्हणाले. एखाद्याने कानाखाली दिली तर परवडतं हो, पण हे 'राहू द्या' सहन होत नाही.

आता अंगण. फाटकातून आत आलं की डाव्या हाताला स्वयंपाकघर आणि त्याच्या बाजूने मोकळी पट्टी. उजव्या हाताला पत्र्याच्या शेडखाली झोपाळा. आणि मधोमध पाम. हा नकाशा कृपया लक्षात ठेवा. माझ्या तो चांगला लक्षात होता, तरी उपयोग झाला नाही.

झोपाळा म्हणजे तात्यांचा जीव. सागवानी पाट, चार पितळी कड्या, चाळीस वर्षांचा. सकाळी पेपर आणि संध्याकाळी चहा, दोन्ही त्यावरच. तात्या नेहमी एका टोकाला बसायचे. दुसरी बाजू सासूबाईंची. त्या गेल्यावरही ती बाजू तशीच मोकळी. पाहुणे आले तर खुर्च्या यायच्या. मी पंधरा वर्षांत त्या झोपाळ्यावर टेकलोसुद्धा नव्हतो. कुणी 'बसू नका' असं म्हटलं नव्हतं. पण कुणी 'बसा' असंही म्हटलं नव्हतं.

पाम मात्र कुणालाच नको होता. तात्यांनीच तो कुंडीत आणला होता. नर्सरीवाला म्हणाला होता, "साहेब, आ तो कमर सुधी ज वधशे." कमरेपर्यंतच वाढेल. कुणाच्या कमरेपर्यंत ते तो बोलला नाही. कुंडी फुटली, पाम जमिनीत गेला आणि बघता बघता दोन मजले ओलांडून वर निघून गेला. फळ नाही, फूल नाही, सावली पडायची ती शेजारच्या प्रवीणाबेनच्या गच्चीवर. आमच्या वाट्याला फक्त वाळलेल्या झावळ्या. आणि त्या काही नारळाच्या झावळीसारख्या गुणी नव्हेत. एकेक झावळी माणसाला दोन्ही हातांनी उचलवत नाही. ती वरून सुटली की कोण खाली आहे हे न बघता येते.

एके दिवशी खाली तात्या होते. सकाळचा पेपर चालला होता. वरून 'सर्रर्र' आणि मग असा काही धप्पकन आवाज आला की मी दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून बाहेर धावलो. झावळी झोपाळ्यापासून एका हातावर पडली होती. तात्यांनी पेपर खाली केला, झावळीकडे पाहिलं, वर पाहिलं आणि पान उलटलं.

"तात्या!" मृणाल आतून ओरडत धावली. "एक हात इकडे पडली असती तर?"

"नाही पडली," तात्या म्हणाले.

"आता हे झाड इथे राहणार नाही! एक दिवससुद्धा नाही!"

तात्यांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "ठीक आहे. काढा. पण झोपाळ्याला ओरखडा उठता कामा नये. तुझी आई तिथे बसायची."

"मी बोलते कुणाशी तरी," मृणाल म्हणाली.

आणि इथे मी तोंड उघडलं. साबणाने माखलेलं तोंड! "मी बघतो तात्या. हे काम माझ्याकडे द्या."

तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पंधरा वर्षांत 'राहू द्या' हे दोन शब्द त्यांच्या ओठांवर आले नाहीत असं त्या दिवशी पहिल्यांदा घडलं. ते म्हणाले, "बरं. हे काम जावईबापू करतील."

माझी छाती फुगली. मृणालचा चेहरा पडला. तिला माहेर आणि नवरा दोन्ही नीट माहीत आहेत.

झाड तोडायला परवानगी लागते म्हणून मी वॉर्ड ऑफिसात गेलो. टेबलामागचे गृहस्थ फार सज्जन होते. माझा अर्ज वाचून त्यांनी विचारलं, "झाड कापवानी रजा लीधी छे?"

मला कौतुक वाटलं. केवढी आपुलकी! परक्या माणसाला नोकरीची चिंता! मी म्हणालो, "हा, लीधी छे. बे दिवसनी. शुक्रवार ने शनिवार."

त्यांनी हात पुढे केला. "बतावो."

मी मोबाइल काढून त्यांना कारखान्याच्या साहेबाने मंजूर केलेला रजेचा मेसेज दाखवला. त्यांनी तो वाचला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना बोलावलं, त्यांनी वाचला. मग त्या बाई पदर तोंडाला लावून आत गेल्या त्या माझं काम होईपर्यंत बाहेर आल्या नाहीत. शेवटी गृहस्थांनी शांतपणे मला हिंदीत समजावलं की गुजरातीत रजा म्हणजे परवानगी. ती देणारे ते आहेत, माझा साहेब नाही.

घरी आल्यावर हे मी कुणाला सांगणार नव्हतो. पण त्या पदरवाल्या बाई मृणालच्या शाळेतल्या निघाल्या! मी घरात पाऊल टाकायच्या आधी फोन येऊन गेला होता.

"अहो," मृणाल म्हणाली. (तात्यांसमोर ती मला 'अहो' म्हणते, एरवी 'अरे'. एकटं असताना 'अहो' म्हणाली तर मी लगेच पायात चप्पल घालतो.) "झाड पाडायच्या दिवशी मी बोलते त्या माणसाशी. तुम्ही फक्त उभे राहा."

"एका शब्दाने काय होतं?" मी म्हणालो. "तात्यांनी काम मला दिलंय."

पेपरामागून तात्यांचा खोकला ऐकू आला. हसू दाबल्याचा तो खोकला मी अजून विसरलो नाही. पण त्यांनी काम काढून घेतलं नाही, हेही मी विसरलो नाही. परवानगीची चिठ्ठी यायला दीड महिना गेला आणि तेवढ्यात आणखी तीन झावळ्या पडल्या. तात्यांनी एकदाही विचारलं नाही, काम कुठवर आलंय. मी रोज संध्याकाळी आपणहून सांगायचो आणि ते मान हलवायचे. मला आतून इतकं बरं वाटायचं की काय सांगू!

अखेर तो रविवार उजाडला. झाडं उतरवणारा रमणभाई नऊ वाजता आला. बरोबर त्याचा मेहुणा, एक दोरखंड आणि मोटरची करवत. रमणभाई कामाचा माणूस. सरसर वर चढला, वरचा झुपका उतरवला, मग खोडाचे वरून एकेक तुकडे करत दोराने खाली सोडले. ना धक्का, ना आवाज. प्रवीणाबेन गच्चीवरून मोबाइल धरून सगळं चित्रीकरण करत होत्या. तात्यांना मृणालने आत नेऊन खिडकीशी बसवलं होतं. खिडकीच्या काचेतून त्यांचा चष्मा दिसत होता. दीड तासात खोडाचा शेवटचा भाग उरला, जेमतेम दोन माणसांच्या उंचीचा. तो एकदम आडवा करायचा होता.

रमणभाई पामच्या बुंध्याशी घराकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने मला विचारलं, "साहेब, आने कई बाजू पाडवुं छे? डाबी के जमणी?"

थांबा. आता मी तुम्हाला माझ्या डोक्यात काय झालं ते नीट सांगतो, कारण नंतर मला मूर्ख म्हणणाऱ्यांनी हे कुणीच ऐकून घेतलं नाही. 'डाबी' म्हणजे डावी असणार, हे माझ्या ध्यानात आलं. पण मग दुसरी उजवी असायला नको का? 'उजवो छे' वगैरे? आणि हा तर 'जमणी' म्हणतोय! म्हणजे डाबी ही डावी नसणार. बरं, गुजराती लग्नांत मी पंधरा वर्षं जेवतोय. तिथे 'जमवा चालो' म्हणतात, म्हणजे जेवायला चला. 'जमण' म्हणजे जेवण. मग जमणी म्हणजे? जेवणाची! जेवणाची बाजू! स्वयंपाकघराची बाजू! आणि मला झाड नेमकं तिकडेच, त्या मोकळ्या पट्टीत पाडायचं होतं! माणसाने आपल्या घरातल्या खोलीवरून दिशा विचारावी, केवढी साधी, घरगुती भाषा ही! मला गुजरातीबद्दल एकदम प्रेम दाटून आलं.

"जमणी!" मी ठणकावून सांगितलं.

रमणभाईने त्या बाजूला पाहिलं. "जमणी? पाक्कुं?"

"पाक्कुं! जमणी ज!"

"पण साहेब, पेलो हींचको?"

हींचको म्हणजे झोपाळा, हे मला माहीत होतं. भला माणूस, झोपाळ्याची काळजी करतोय, मला वाटलं. झोपाळा दुसऱ्याच बाजूला आहे हे त्याला दिसत कसं नाही? मी हसून म्हणालो, "हींचकानी चिंता नही करवानी!"

त्याने पुन्हा झोपाळ्याकडे पाहिलं. "जूनो छे ने?"

"बहु जूनो!" मी अभिमानाने म्हणालो. "चालीस वरसनो!"

"तो पछी कंई वांधो नही," रमणभाई म्हणाला आणि त्याने मेहुण्याला खूण केली.

मेहुण्याने दोराचं एक टोक खोडाच्या वरच्या भागाला बांधलं आणि दुसरं टोक घेऊन तो झोपाळ्याच्या पलीकडे, कुंपणाच्या भिंतीजवळ जाऊन उभा राहिला. इथे तरी मला शंका यायला हवी होती. पण मी पडलो मेकॅनिकल इंजिनियर! मला वाटलं, झाड तिकडे पडताना एकदम आदळू नये म्हणून हा इकडून मागे धरणार. वा, काय डोकं आहे! आणि झोपाळ्याची बाजू सर्वांत सुरक्षित म्हणून मी स्वतः झोपाळ्याच्या शेजारी, कडीला हात टेकून, ऐटीत उभा राहिलो. तिकडे मृणाल सूप घेऊन नुकतीच घरातून बाहेर आली होती आणि आमच्याकडे पाठ करून मोकळ्या पट्टीतून उन्हात घातलेल्या मिरच्या उचलत होती.

करवत सुरू झाली. कान किटले. मी खिडकीकडे पाहिलं तर तात्या उभे राहिले होते. काचेवर हात आपटत होते. तोंड हलत होतं, पण करवतीपुढे एक अक्षर ऐकू येईना. माझ्या मनात आलं, अरे! तात्या शाबासकी देतायत! पंधरा वर्षांनी का होईना! मीही हात उंच करून त्यांना अंगठा दाखवला. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले. मीही दोन्ही हात वर केले.

मग करवत थांबली आणि एकाच वेळी तीन माणसं ओरडली. तात्या ओरडले, "मूर्ख!" प्रवीणाबेन गच्चीवरून ओरडल्या, "हाय हाय!" आणि रमणभाई ओरडला, "खसो साहेब, खसो!"

'खसो' हा शब्द मी त्याआधी कधीही ऐकला नव्हता. पण त्याचा अर्थ माझ्या पायांना माझ्याआधी कळला. मी जी उडी मारली ती सरळ जास्वंदीच्या आळ्यात. मागे कडाड असा आवाज झाला, मग पितळेचा खणखणाट झाला, आणि मग काहीच नाही.

मी चिखलातून मान वर केली. पामचं खोड झोपाळ्यावर आडवं झोपलं होतं. शेडचा पत्रा वाकून खाली आला होता. पाट दोन तुकडे. चारही कड्या पिळलेल्या.

रमणभाई कमरेवर हात ठेवून आपली कामगिरी न्याहाळत होता. "बराबर जमणी बाजू ज पाड्युं ने, साहेब? एक आंगळ पण आघुंपाछुं नही!" एक बोटभरही इकडेतिकडे नाही, हे मात्र खरं होतं.

"जमणी..." मी आळ्यातून उठत म्हणालो. "जमणी एटले... किचन ने?"

 मिरच्यांचं सूप घेऊन मृणाल माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने उजवा हात वर केला. "जमणी म्हणजे हे!" ती म्हणाली. "उजवी! उजवी, उजवी, उजवी! अरे, पंधरा वर्षं झाली! पंधरा वर्षं तू इथे काय केलंस?"

"जेवलो," मी म्हणालो. खरं तेच होतं.

"भाई, तमे ज तो कीधुं!" वरून प्रवीणाबेन म्हणाल्या. "वीडियोमां छे!" आणि त्यांनी तो लावलाही. माझाच आवाज साऱ्या गल्लीत घुमला. "हींचकानी चिंता नही करवानी! बहु जूनो!"

तात्या बाहेर आले. मला वाटलं आता बोलतील. बोला हो तात्या, 'मूर्ख' म्हणा, पुन्हा म्हणा, पायातलं काढून मारा!  ते वाकले, त्यांनी पाटाच्या एका तुकड्याच्या काठावरून बोट फिरवलं, आणि आत गेले.

ते गेल्यावर मीही तिथे बोट लावून बघितलं. लाकडात बारीक बारीक खाचा होत्या, ओळीने. मृणाल म्हणाली, "आईच्या अडकित्त्याच्या आहेत. अडकित्ता पाटावर टेकवून सुपारी कातरायची. तात्या रोज ओरडायचे, पाट खराब होतोय म्हणून." आणि मग ती तिथेच मटकन बसली आणि रडायला लागली. माझ्याही डोळ्यांना धार लागली. मला मिरच्या झोंबल्या असं मी प्रवीणाबेनना सांगितलं, पण ते खरं नव्हतं.

पुढचे तीन आठवडे मी त्या घरात कसा राहिलो ते माझं मला ठाऊक. तात्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पेपर वाचायचे. माझ्याशी एक शब्द नाही. 'राहू द्या' सुद्धा नाही! त्या 'राहू द्या'साठी मी किती तळमळलो असेन! जेवताना ते मृणालला म्हणायचे, "जावईबापूंना आमटी वाढ." आमटी माझ्या समोरच असायची. मेली घशाखाली उतरायची नाही. गल्लीत तर माझी शोभाच झाली. प्रवीणाबेनचा व्हिडिओ फतेगंजभर फिरला. इस्त्रीवाला मला बघून विचारायचा, "केम छो साहेब, जमणी?" कारखान्यात पोचायलाही त्या व्हिडिओला दोन दिवस लागले नाहीत. माझ्या सिद्धान्ताच्या दोन्ही विद्यार्थ्यांनी मला दुरून नमस्कार करायला सुरुवात केली.

मी पाटाचे दोन्ही तुकडे चादरीत गुंडाळून गोरव्याच्या एका सुताराकडे नेले. (मृणालला बरोबर नेली. आता मला पाणी मागायलाही दुभाषा लागत होता.) सुतार म्हणाला, फेका, नवा पाट बनवून देतो. मी म्हणालो, मेलो तरी फेकणार नाही. खाचा असलेली बाजू आहे तशी हवी, रंधासुद्धा मारायचा नाही. मृणालने हे त्याला गुजरातीत सांगितलं. मी मध्ये तोंड उघडल्यावर तिने माझ्या पायावर पाय दिला. शेवटी त्याने मध्ये नव्या सागवानाची फळी घालून, खालून लोखंडी पट्ट्या मारून पाट जोडून दिला.

कड्या मी कुणालाच दिल्या नाहीत. वाघोडियाला नेल्या आणि रोज जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपमध्ये बसून एकेक कडी तापवून, ठोकून सरळ केली. जगात मला निश्चित येणारं असं तेवढं एकच काम आहे, आणि त्याला गुजराती लागत नाही. तीन अगदी नव्यासारख्या झाल्या. चौथी कितीही ठोकली तरी हट्टी निघाली, जराशी आखूडच राहिली.

चौथ्या रविवारी मी झोपाळा टांगला. आखूड कडीमुळे तो एका अंगाला किंचित वर राहतो. पुन्हा सगळं उतरवून बसवावं असं म्हणत होतो, तोच तात्या पेपर घेऊन बाहेर आले. झोपाळ्याभोवती एक फेरी मारली. नव्या फळीवर टिचकी मारली. कड्या एकेक करून हलवून पाहिल्या, आखूड कडीपाशी जरा थांबले. मग खाचांवरून बोट फिरवलं आणि आपल्या टोकाला बसले. पायाने एक झोका दिला. कुर्रर्र. चाळीस वर्षांची तीच कुरकुर! ती मात्र मी ठोकली नव्हती, तिची तीच परत आली होती.

मी जास्वंदीच्या आळ्याशी हात बांधून उभा होतो. स्वयंपाकघरात मृणालची फोडणी चालली होती. तात्यांनी पेपर उघडला. पेपराच्या मागून, तीन आठवड्यांनी, त्यांचा आवाज आला.

"या जावईबापू. बसा. जमणी बाजूला."

सासूबाईंची जागा! पंधरा वर्षांत पहिल्यांदा तात्या मला त्या झोपाळ्यावर बसा म्हणत होते!  डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं. आणि देवाशप्पथ सांगतो, त्या भरल्या डोळ्यांनी मी वळलो, अंगण ओलांडलं आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो.

"काय रे?" मृणालने हातातला झारा तसाच धरून विचारलं. "काय हवंय?"

मी काही बोलायच्या आत बाहेर पेपर खाली पडल्याचा आवाज आला. मग आधी तो खोकला आला, आणि मग खोकला बिकला काही नाही, तात्या मोठमोठ्याने हसायला लागले. सासूबाई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. हसता हसताच त्यांनी हाक मारली, "मृणाल, त्यांना हात धरून बाहेर आण गं! उजवा हात!"

मी लगबगीने डावा पुढे केला.